मीटर कोणाच्या नावावर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या पलीकडच्या कॉलनीत बागेचा नारळ फुटला. मांडव होता, माइक होता. एका खुर्चीवर पदाधिकारी, दुसरीवर प्रायोजक, तिसरीवर कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष. 'लोकसहभाग' हा शब्द मी मोजला, सात वेळा आला. भाषणं संपल्यावर सूत्रसंचालकाने रीत म्हणून विचारलं, "कुणाला काही शंका?" मी मागनं हात वर केला. म्हटलं, "बागेचं मीटर कोणाच्या नावावर घेणार?" आधी सगळे गप्प, मग हशा. कुणीतरी म्हणालं, "वायरमनला दुसरं काय सुचणार!" तेही खरंच. पण उत्तर कुणी दिलं नाही आणि पेढे वाटायला सुरुवात झाली. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

मी वीज मंडळात १९८५ साली हेल्पर म्हणून चिकटलो आणि २०२० साली लाइनमन म्हणून बाहेर पडलो. लोक मात्र शेवटपर्यंत वायरमनच म्हणत राहिले. पस्तीस वर्षांत एक गोष्ट पाहिली. भांडण वाटणीचं असो, भाडेकरूचं असो की भाऊबंदकीचं, शेवटी माणूस पिशवीतून वीजबिल काढतो. घर कुणाचं यावर दोन भाऊ दहा वर्षं कोर्टात जातील, पण बिल दर महिन्याला कुणाच्या तरी एकाच्याच नावाने येतं. लाइट गेली की ज्याच्या नावाने बिल येतं तो उठतो. बाकीचे खिडकीतनं बघतात, शेजारच्यांची आहे का.

आमची कॉलनी मंजूर रेखांकनातली. नकाशात हिरव्या रंगाने रंगवलेला बारा गुंठ्यांचा एक तुकडा, 'खुली जागा' म्हणून. सांगलीत हे नशीब थोर. खात्री करायची तर गुंठेवारीत राहणाऱ्याला विचारा. तिथे रान गुंठ्या-गुंठ्याने विकलं गेलं, लोकांनी पोटाला चिमटा काढून घरं बांधली, आणि दोन घरांमधनं जेवढी पट्टी उरली तिला रस्ता म्हणायचं. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने घरं नियमित करायची वाट काढून दिली, पण सोडलेलीच नव्हती ती बागेची जागा कायदा कुठून आणणार? मी त्या भागांत पोल उभे केलेत. पावसाळ्यात काळ्या मातीत पोल रोवायचा म्हणजे लोण्यात सुरी. सकाळी सरळ दिसलेला संध्याकाळपर्यंत नमस्कार करायला लागतो. तिथली पोरं अजून त्या पट्टीवरच क्रिकेट खेळतात. आम्हाला बारा गुंठे फुकट मिळाले, आणि आम्ही त्यावर २०१७ पर्यंत वेडी बाभूळ, राडारोडा आणि डुकरं वाढवली.

त्या वर्षी शहरातले एक शोरूमवाले आपणहून पुढे आले. नाव लिहीत नाही. माणूस भला आहे, आणि पुढे जे झालं त्यात त्यांच्याइतकाच दोष आमचा आहे, माझा तर दोन बोटं जास्तच. दत्तमंदिराच्या मंडपात बैठक झाली. पडद्यावर त्यांच्या वास्तुविशारदाने थ्रीडी चित्र दाखवलं: मधोमध कारंजं, कडेने दिवे, आणि एक गोरीपान बाई कुत्र्याला फिरवत चाललेली. आमच्या कॉलनीत तशी बाई नाही, आणि कुत्री आहेत ती कुणाच्या हातात येत नाहीत. पण चित्र सगळ्यांना आवडलं. फक्त समोरच्या बंगल्यातल्या वहिनी म्हणाल्या, "कारंजं राहू दे. आम्ही बायका पहाटे साडेपाचला फिरायला निघतो, मागच्या कोपऱ्यात एक दिवा द्या. आणि बायकांसाठी एक संडास बांधा. कुलूप कोण उघडणार तेही आत्ताच ठरवा." वास्तुविशारदाने सगळं लिहून घेतलं. कारंजं झालं. कोपरा, संडास आणि कुलूप वहीतच राहिलं.

उद्घाटन २६ जानेवारी २०१८ ला ठरलं होतं. खांब उभे राहिले, पेव्हर ब्लॉक बसले, कारंज्याचा पंप आला, घसरगुंडी आली, आणि आठवडाभर आधी कुणाच्या तरी लक्षात आलं की बागेला वीजच नाही. नवीन जोडणीच्या ए-वन फॉर्मवर अर्जदाराचं नाव लागतं आणि जागेच्या मालकीचा किंवा ताब्याचा पुरावा लागतो. उतारा काढला, तर त्यावर अजून मूळ शेतमालकाच्या वारसांची नावं. कॉलनीचं मंडळ नोंदणी नसलेलं. प्रायोजक म्हणाले, जागा आमची नाही, मीटर आमच्या नावावर कसं घ्यायचं? एका कार्यालयात गेलो, तर साहेब म्हणाले, जागा ताब्यात घेतल्याचा कागद फायलीत दिसत नाही. तिघांचंही म्हणणं कागदावर बिनचूक होतं. बाग सगळ्यांची होती, त्यामुळे ती कुणाच्याच नावावर बसत नव्हती.

शेवटी बागेला लागून ज्यांचं घर आहे ते अण्णा म्हणाले, "माझ्या मीटरवरनं घ्या तात्पुरतं. दहा-बारा दिव्यांनी माझं काय जाणार आहे!" आणि ती वायर, संपादक महोदय, मीच ओढली. नोकरीत असताना. दुसऱ्या कुणी ओढली असती तर त्याला मी वीज कायद्याचं कलम १२६ ऐकवलं असतं: एका कामासाठी घेतलेली वीज दुसऱ्या कामाला वापरली तर आकारणी दुप्पट दराने. पण त्या दिवशी मी कॉलनीचा माणूस होतो. पदाधिकाऱ्यांनी बटण दाबलं, दिवे लागले, कारंजं उडालं, टाळ्या झाल्या. मलाही शाल मिळाली.

पुढचं सांगायला अवघड नाही. घरगुती दराला टप्पे असतात, शंभर युनिटांपुढे दर चढतो, तीनशेच्या पुढे आणखी. बागेचे युनिट अण्णांच्या युनिटांच्या डोक्यावर बसले. कारंज्याचा पंप पोरं रात्री नऊला बंद करायची, कधी विसरायची. आणि प्रायोजकांचा उजळलेला फलक रात्रभर पेटायचा, तोही अण्णांच्याच मीटरवर. दिवाळीला अण्णांचा मुलगा पुण्याहून आला, बिल बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही शोरूमची जाहिरात कशाला पोसताय?" त्याने उठून एमसीबी खाली पाडला. मी त्याला बोल लावत नाही. नंतर घरटी पन्नास रुपये वर्गणी काढली, ती चार महिने चालली. ज्यांची घरं बागेपासून लांब, त्यांनी आधी हात आखडला.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. सार्वजनिक बाग लोकांना मोफत खुली असेल तर तिच्या दिव्यांना पथदिव्यांच्या वर्गवारीचा दर लागतो. तिचा मालक कोण, सांभाळतो कोण, हे तिथे विचारत नाहीत. सार्वजनिक कारंजंसुद्धा त्यातच येतं. जाहिरातीचा फलक मात्र त्यात बसत नाही, त्याचा दर वेगळा आणि चढा. म्हणजे बाग कुठे संपते आणि जाहिरात कुठे सुरू होते ही रेघ दरपत्रकाने केव्हाच मारून ठेवली आहे. आम्ही दोन्ही एकाच वायरीवर घेतलं.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, हे सांगलीकराला सांगायला नको. बाग आठवडाभर पाण्यात होती. पाणी उतरल्यावर बघितलं तर ओपन जिमच्या सायकलीच्या दांडीवर जलपर्णी वाळत होती, कारंज्याच्या हौदात गाळ गच्च, आणि फलक गेलेला, लोखंडी चौकटीसकट. प्रायोजकांच्या दुकानातही पाणी शिरलं होतं, त्यांना त्यांचंच निस्तरायचं होतं. करार तीन वर्षांचा. उरलेली मुदत त्यांनी विचारायचं नाही आणि आम्ही सांगायचं नाही, अशी गेली. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या पुढे आलं आणि जे काय उरलं होतं तेही झोपलं.

यानंतरचा प्रसंग लिहावा की नको असं झालं होतं. २०२२ चा पावसाळा, संध्याकाळी सातची वेळ. बागेच्या फाटकाशी भेळेचा गाडा लावणाऱ्या पोराचा फोन आला, "वायरमन काका, लगेच या. घसरगुंडी करंट मारतेय म्हणतंय पोरगं." मी टेस्टर घेऊन गेलो. मोठ्या पोरांनी बॅडमिंटनसाठी रस्त्याच्या पोलावरनं आकडा टाकून वायर घेतली होती, आणि ती घसरगुंडीच्या कठड्याला सुतळीने बांधून पुढे नेली होती. पत्र्याच्या धारेवर वायर सोलली गेली होती. मी कठड्याला टेस्टर लावला. आतला तो नारिंगी ठिपका मी आयुष्यात हजारो वेळा पेटलेला बघितलाय. घसरगुंडीवर त्या दिवशी पहिल्यांदा. खाली पावसाचं पाणी साचलेलं. शिडीपाशी चिमुकल्या चपलांचे सहा-सात जोड काढून ठेवलेले. भेळवाल्याने आधीच सगळ्या पोरांना बाजूला घेऊन गाड्यापाशी बसवलं होतं आणि हातात चुरमुरे दिले होते. एवढं त्याला सुचलं. मी पोलावरचा आकडा काठीने काढला, वायर गुंडाळली आणि घरी येऊन बराच वेळ बाहेरच बसलो.

पोरांनी वीज बागेच्याच मीटरवरनं घेतली असती आणि मीटरच्या पेटीत ईएलसीबी असता तर गळती झाल्याबरोबर त्याने सप्लाय तोडला असता. पण तो बसवायला पेटी लागते, पेटीला मीटर लागतं आणि मीटरला नाव लागतं. मी २०१८ साली हौसेने ओढलेली वायर आणि पोरांनी २०२२ साली टाकलेला आकडा यात मला फार फरक करता येत नाही. माझ्यावरून त्यांनी शिकलं, एवढंच.

आता त्या भेळवाल्याविषयी. बाग व्हायच्या आधीपासून त्याचा गाडा त्या कोपऱ्यावर असायचा. भडंग, ओली भेळ, उन्हाळ्यात कैरी. बागेचा आराखडा झाला तेव्हा प्रायोजकांच्या माणसाने सुचवलं की फाटकासमोर गाडा नको, शोभा जाते. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. मीसुद्धा. त्याला कुणी बैठकीला बोलावलं नव्हतं. तो गुपचूप रस्त्यापलीकडे गेला. त्याच्या जाण्याने झालं काय, तर संध्याकाळी फाटकाशी कुणी राहिलं नाही आणि सहा महिन्यांत तिथे बाटल्या सापडायला लागल्या. पुरात फलक वाहून गेला तेव्हा गाडा परत आला. येताना कुणाला विचारलं नाही, बरं केलं.

व्यवसायांचा सहभाग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शोरूम येतं, कारखाना येतो. गाडा येत नाही. वास्तविक पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली देशाने कायदा केला. शहराच्या पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या त्यांच्याच माणसांच्या, आणि त्यातल्या एकतृतीयांश बायकांच्या, असं त्यात लिहिलंय. म्हणजे भेळवाला हा अतिक्रमण नव्हे, बैठकीतला एक पक्ष आहे. आमच्या बारा गुंठ्यांत रोज संध्याकाळी पाच ते दहा हजर असणारा माणूस तो एकटाच. माळी महिन्यातून एकदा, प्रायोजक वर्षातून एकदा, पदाधिकारी नारळापुरते. आजही रात्री बागेत जो काही उजेड आहे तो त्याच्या गाड्यावरच्या बॅटरीच्या दिव्याचा. वहिनी आणि त्यांच्या मैत्रिणी त्या उजेडाच्या कडेकडेने बसतात.

मी असं काही बोललो की एक उत्तर ठरलेलं असतं. "अहो, पुरात कुठे कुणी मीटर विचारलं? सांगलीकर एकत्र आलेच ना?" आले. मी होतो तिथे. २००५ साली तर वीज मंडळाच्या चार कंपन्या होऊन दोन महिनेही झाले नव्हते, ६ जूनला झाल्या आणि जुलैअखेर पाणी चढायला लागलं. आमच्या साहेबांना नवीन लेटरहेडसुद्धा मिळालं नव्हतं. पाणी ५३ फुटांवर गेलं. डीपीपर्यंत जायला ट्रॅक्टर वीटभट्टीवाल्याचा, डिझेल एका व्यापाऱ्याचं, होडी सरकारी, वल्हं मारायला कृष्णेत पोहून मोठी झालेली पोरं, आणि खांबावर चढायला आम्ही. जेवण कुठल्या घरातनं आलं ते आजवर कळलं नाही.

पण ते सगळं नुसत्या मायेवर झालं असं मला वाटत नाही. पुरात आपल्याकडे एक आकडा असतो. आयर्विनजवळची पातळी. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. पेठेतल्या व्यापाऱ्याला ठाऊक असतं कितव्या फुटाला माल वरच्या मजल्यावर न्यायचा, खालच्या वस्तीतल्या आक्काला ठाऊक असतं कितव्याला म्हैस सोडायची, आम्हाला ठाऊक असायचं कितव्याला कोणत्या डीपीचा सप्लाय काढायचा. सांगावं लागत नाही, आकडा वाढला की ज्याचा तो कामाला लागतो. पहाटे उठून लोक देवाआधी तो आकडा विचारतात. बागेला असा आकडा नाही. दिवे बंद पडल्यावर कितव्या दिवशी कोणी उठायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. शिवाय पूर आठ-दहा दिवसांचा असतो आणि बागेला वर्षाचे बाराही महिने पाणी घालावं लागतं.

कायद्यात काय नाही असं नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बागा, उद्यानं, मैदानं ही शहराच्या कामांच्या यादीत घातली. २००९ साली राज्याने क्षेत्रसभेची तरतूद केली, गावच्या ग्रामसभेसारखी, आपल्या भागातल्या मतदारांनी बसून आपल्या भागाचं बोलायचं. माझं गाव वाळवा तालुक्यात. तिथल्या ग्रामसभेत मी पाण्याच्या टाकीवरून दोनदा भांडलोय. सांगलीत राहून इतकी वर्षं झाली, क्षेत्रसभेला मात्र बसलेलो नाही. पुण्यात महापालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवायची पद्धत सुरू केली. फूटपाथ, बाक, दिवा अशी लहान कामं. आमच्या वहिनींचा कोपऱ्यातला दिवा अशाच एखाद्या अर्जावर बसला असता.

कंपन्यांचंही तसंच. मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करायचे, आणि आपण जिथे धंदा करतो त्या भागाला पहिली पसंती द्यायची, असं कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं. (वीज कायद्यातलं कलम १३५ म्हणजे वीजचोरी. पहिल्यांदा कुणी "आम्ही एकशे पस्तीसखाली बाग करतो" म्हणालं तेव्हा मी दचकलो होतो.) त्या नियमांत चालू प्रकल्पालाही सुरू झालेलं वर्ष सोडून तीन वर्षांची मर्यादा आहे. तीन वर्षांत कडुनिंब जेमतेम डोक्याच्या वर जातो. सावली धरायची वेळ येते तेव्हा फलकावरचं नाव पुसट झालेलं असतं आणि पाण्याचा टँकर थांबलेला असतो. आमचे शोरूमवाले काही एवढे मोठे नाहीत, त्यांच्यावर हे बंधन नव्हतं. तरी मुदत त्यांनीही तीनच वर्षांची धरली. कुणी कुणाची नक्कल केली कोण जाणे.

आमराई, काळी खण, कृष्णेचे घाट या जागांवर सगळ्या शहराचा डोळा असतो. तिथे दिवा गेला तर आपल्याच वर्तमानपत्रात फोटो येतो. माझं म्हणणं दहा-बारा गुंठ्यांच्या जागांपुरतं आहे. त्यांचा फोटो फक्त उद्घाटनाला निघतो.

तेव्हा नारळ फुटायच्या आधी एक कागद व्हावा. एकच पान, सोप्या मराठीत, पत्र्यावर रंगवून फाटकाला लावलेलं. त्यावर बागेच्या मीटरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक. नळाची जोडणी कुणाची. चावी कुणाकडे, पहाटे किती वाजता उघडणार. माळ्याचा पगार कोण देतो आणि कोणत्या तारखेपर्यंत. दिवा गेला तर कुणाला सांगायचं, आणि त्याने किती दिवसांत नाही ऐकलं तर पुढे कुणाला. माणसांची नावं नकोत, माणसं बदलतात, हुद्दे लिहा. प्रायोजकाचं नाव खुशाल मोठ्या अक्षरात घाला, पण त्याची मुदत कधी संपते ती तारीखही तेवढ्याच अक्षरात घाला. म्हणजे तारीख जवळ आली की लोक आपसूक विचारायला लागतील, आता पुढे कोण? फलक उजळवायचा असेल तर त्याचं मीटर त्यांचं त्यांनी वेगळं घ्यावं. आणि थोडी अनामत ठेवावी. पत्र्याच्या एका खोलीत राहणाऱ्या माणसाकडनंसुद्धा जोडणी देताना सुरक्षा ठेव घेतात, मग शहराची जागा हाती देताना का नको?

हे अवघड आहे असं म्हणू नका. गल्लीतलं गणपती मंडळ दहा-बारा दिवसांसाठी तात्पुरती जोडणी घेतं. अर्ज करतं, पैसे भरतं, मीटर बसतं, अनंत चतुर्दशी झाली की हिशोब होतो. बारा दिवसांच्या मांडवाला जे जमतं ते बागेला जमत नाही, यावर माझा विश्वास नाही. बागेचा मांडव सुटत नाही म्हणून आपण हिशोबालाच बसत नाही, एवढाच फरक.

रहिवाशांच्या बाजूचंही लिहितो, नाहीतर लोक म्हणतील वायरमन स्वतःला सोडून बोलतो. पहिल्या रविवारी श्रमदानाला आम्ही चाळीस जण होतो, घमेली कमी पडली. चौथ्या रविवारी पाच. आणि त्या पाचांतले दोघे फोटोपुरते. आमचं मंडळ इतकी वर्षं नोंदणीकृत नव्हतं, कारण नोंदणी केली की हिशोब ठेवावा लागतो आणि खजिनदार व्हायला कुणी तयार नव्हतं. उताऱ्यावरची नावं बदलून घ्यायला तलाठ्याकडे, सिटी सर्व्हेला फेऱ्या माराव्या लागतात, त्याही कुणी मारल्या नाहीत. शाल घ्यायला मी गेलो, फेऱ्या मारायला नाही गेलो.

निवृत्तीनंतर वेळ बराच मिळाला, म्हणून गेल्या वर्षभरात त्या मारल्या. मूळ मालकाचे वारस तिघे, एक इचलकरंजीला, दोघे इथेच. तिघांनीही बिनतक्रार सह्या दिल्या, धाकटा म्हणाला, "आम्हाला वाटलं जागा कधीच तुमची झाली." मंडळाची नोंदणी गेल्या महिन्यात झाली. खजिनदार वहिनी आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून पावतीपुस्तकाचे पैसे घेतले. ए-वन फॉर्म भरून टेबलावर ठेवलाय. लोड लिहिलाय, वर्गवारी लिहिलीय, ईएलसीबी पेटीतच घेतलाय. अर्जदाराच्या नावाचा रकाना तेवढा मोकळा आहे. मंडळाचं नाव घालायचं, की जागा ताब्यात घेणाऱ्या कार्यालयाचं, हे या रविवारी ठरवायचं आहे. तेच जुने शोरूमवाले स्वतः येतो म्हणालेत. त्यांच्या मुलाने विचारलं, या वेळी कारंजं आहे का? नाही म्हटलं. कार्यालयातनं एक कनिष्ठ अभियंता यायचे आहेत. अण्णा आता नाहीत. त्यांचा मुलगा पुण्याहून येणार आहे.

बैठक दत्तमंदिरातच, संध्याकाळी सहाला. भेळवाल्यालाही निरोप दिला. त्याने विचारलं, "काका, भेळ घेऊन येऊ का नुसताच येऊ?"

नुसताच ये, म्हटलं. खुर्ची ठेवतो.

आपला,
एक निवृत्त लाइनमन, सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)